जुनी डिस्क, नवी डिस्क आणि टेम्पोवरचा फोटो

तुळशीची लग्नं आटोपल्यावर ढाणकीजवळच्या तांड्यावरची एक मुलगी माझ्या खोलीवर आली. उमरखेडच्या बसस्थानकामागे बातम्या पाठवण्यासाठी मी एक खोली भाड्याने घेतली होती. जिल्ह्याच्या एका दैनिकाचा मी तालुका वार्ताहर होतो. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. तिचे वडील कापसाचा टेम्पो चालवायचे. पावसाळ्याच्या तोंडाशी छातीत कळ येऊन ते गेले. तिला त्यांचा फोटो हवा होता.

"काका, तुमी बाबाचा फोटू काढलता. खरेदी केंद्रावर. कापसाच्या ढिगावर बसून हसून राह्यलते. मी डबा घेऊन गेलती, म्हनून मले पक्कं आठवते."

"घरी एकही नाही का?"

"आधारवरचा हाये. त्याच्यात बाबा पोलिसानं धरून आणल्यावाणी दिसते. तो ठेवू काय मांडवात?"

आमच्या भागात मुलीच्या लग्नाआधी वडील गेलेले असतील तर मांडवात एका खुर्चीवर त्यांचा फोटो ठेवतात. हळद आधी त्या फोटोला लागते, मग मुलीला. फोटो नसला तर कुणी काका खुर्चीवर बसतो, नाहीतर खुर्ची तशीच राहते. मुलीने एवढंच सांगितलं की तिला रिकामी खुर्ची नको, काकाही नको आणि आधारवरचा फोटोही नको. तिला तो हसणारा हवा होता.

फोटो मला आठवत होता. तो कुठे आहे, हेही मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

बोंडअळीची ती वर्षं होती. बाहेरून बोंड टणक दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची. निघालेला कापूस पिवळट आणि चिकट, त्यामुळे खरेदी केंद्रावर प्रतवारीची भांडणं आणि गाड्यांच्या लांब रांगा. कार्यालयाला रोज रांगेचा फोटो हवा असे. त्या दिवशी हा टेम्पोवाला मालाच्या ढिगावर पाय सोडून बसला होता. खालून कुणीतरी विचारलं, "का रे, कापूस आणला का अळ्या आणल्या?" त्यावर तो डब्याचं झाकण उंच धरून म्हणाला, "अळ्या वेगळ्या मोजा म्हना लेकहो! कापसाहून त्याच भरल्या हायेत अंगानं!" रांग हसली, तोही हसला, आणि मी बटण दाबलं.

संध्याकाळी मी जिल्ह्याच्या कार्यालयात फोन केला. इंटरनेट इतकं संथ होतं की कोणता फोटो पाठवायचा हे आधी विचारून घ्यावं लागे.

"रांगेतला एक माणूस हसतोय. फोटो चांगला आलाय," मी म्हणालो.

"हसणारा नको," उपसंपादक म्हणाले. "संकटाची बातमी आहे. डोक्याला हात लावलेला कुणी आहे का?"

तसा एकजण होता. सकाळपासून त्याचं डोकं दुखत होतं. त्याचा फोटो छापून आला.

न छापलेले फोटो मी 'राहिलेले' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत असे. कॅमेऱ्याचं कार्ड रोज पुसून पुन्हा वापरावं लागे, त्यामुळे फोटो लॅपटॉपमध्ये असला तरच तो असे. लॅपटॉप जुना होता. पुढच्या हंगामापर्यंत तो भरला आणि इतका मंदावला की चालू करून समोरच्या टपरीवर चहा घेऊन आलं तरी पडद्यावर गोल चकती फिरतच असायची.

यावर मी दोघांचा सल्ला घेतला. कार्यालयातला तंत्रज्ञ फोनवर म्हणाला, "लॅपटॉप जुना आहे, आत काही ठेवू नका. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, सगळं तिच्यावर टाका." उमरखेडच्या मुख्य रस्त्यावर एक मेकॅनिक होते. त्यांच्या वडिलांच्या काळी दुकानात रेडिओ दुरुस्त होत, नंतर टीव्ही, आता लॅपटॉप. त्यांचं मत नेमकं उलटं होतं.

"पत्रकार साहेब, बाहेरची डिस्क म्हंजे भाड्याची खोली. कोन कवा सामान बाहेर फेकन, भरोसा नाही. आतली बदला. एसएसडी टाका, नव्या जातीची डिस्क. मशीन ऐसी भागेगी के तुम्ही चहा विसरसान."

दोघंही सारख्याच खात्रीने बोलत होते. मी दोघांचंही ऐकलं. आधी बाहेरची डिस्क घेतली आणि 'राहिलेले' तिच्यावर हलवलं. नक्कल ठेवली नाही, कारण आतली जागा मोकळी करणं हाच उद्देश होता. जागा मोकळी झाली, वेग मात्र वाढला नाही. मग उन्हाळ्यात लॅपटॉप मेकॅनिककडे नेला. त्यांनी मागचं झाकण उघडून पंख्यातून चिमट्याने रुईचा बोळा ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "घ्या, हा पन कापूस. विकून या." नंतर त्यांनी जुनी डिस्क काढून तिच्या जागी नवी बसवली. नवी आकाराने लहान होती, तिच्यात माल कमी मावत होता, पण लॅपटॉप खरोखरच झटकन उघडू लागला.

जुनी डिस्क त्यांनी एका पातळ डबीत घालून तिला वायर जोडली. "आता ही बी बाहेरची झाली," ते म्हणाले. इतरांच्या मशिनी तपासायला ती काही दिवस दुकानात ठेवू का, असं त्यांनी विचारलं. तिच्यातलं कामाचं सगळं मी काढून घेतलं होतं. ती रिकामी आहे, असं त्यांना वाटलं आणि मलाही. मी हो म्हणालो.

मुलगी आली तेव्हा परिस्थिती अशी होती: आतली डिस्क नवी होती आणि तिच्यात फोटो नव्हता. पूर्वी आत असलेली डिस्क बाहेर, मेकॅनिककडे होती. मुळात बाहेरची म्हणून घेतलेली माझ्या घरी होती, आणि फोटो तिच्यावर होता. मी बायकोला फोन करून कपाटातली काळी डिस्क कुणाबरोबर तरी पाठवायला सांगितलं.

"ती तर दादानं नेली. दिवाळीच्या आधीच," बायको म्हणाली.

दादा म्हणजे तिचा भाऊ. गावातच राहायचा. थोड्या वेळात तो मोटारसायकलवर आला आणि डिस्क माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "भाऊजी, सिनेमे भरून आणले. तुमीबी पाहा."

त्या काळी मोबाइलच्या दुकानात कार्ड किंवा डिस्क दिली की सिनेमे भरून मिळायचे, आणि एकाची डिस्क चार घरांच्या टीव्हीला लागून यायची. मी डिस्क जोडली. नवे सिनेमे एकीकडे, जुने दुसरीकडे, दाक्षिणात्य तिसरीकडे. नीट लावलेले होते. 'राहिलेले' कुठेच नव्हतं.

"याच्यात माझे फोटो होते."

"हाव, होते ना. पन टीव्ही ती डिस्क धरेच ना. दुकानवाला म्हने, फॉरमॅट करा लागते. म्या पाह्यलं आधी, तसाच नाई पुसला. तर नुसता कापूसच कापूस. इकून कापूस, तिकून कापूस. मले वाटलं, हे तर तुमच्या पेपरात रोज येते. पेपरची रद्दी घरी हायेच."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. कापसाचे फोटो छापून येतात, पेपर घरी येतो, म्हणजे फोटो घरी आहेत. यात चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. जो फोटो छापून येत नाही तोसुद्धा कापसाचाच असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मुलगी बाकावर बसून हे ऐकत होती. "म्हंजे गेला काय फोटू?" तिने विचारलं.

मेहुण्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "कोन्ता फोटू?" मी त्याला सांगितलं. तो मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत राहिला. मग स्वतःच म्हणाला, "चला, मेकॅनिककडे चला. काही तरी होईन."

आम्ही तिघं मेकॅनिककडे गेलो. त्यांनी काळी डिस्क लावली, पाहिली आणि मान हलवली. फॉरमॅट केल्यावर तिच्यावर सिनेमे काठोकाठ भरले होते. खालचं काही शोधायला जागाच उरली नव्हती.

"मी बोललो होतो ना, भाड्याची खोली," ते म्हणाले. नंतर बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. "याच्या आधी फोटो कुठं होते?"

"जुन्या डिस्कवर. पण तिथून मी काढून घेतले."

"काढले म्हंजे निघाले असं नसते, साहेब. जुनी डिस्क काय करते? सातबाऱ्यावरचं नाव खोडते. वावरात तुरी तशाच उभ्या. जोवर दुसरा कोणी येऊन नांगरत नाही तोवर उभ्या. नवीत असते ना, तर तिनं आपल्या हातानं वावर साफ केलं असतं. जुनी आळशी हाये, म्हणून बरी."

मला हे पुन्हा एकदा समजावून घ्यावं लागलं. जपून ठेवण्यासाठी बाहेर हलवलेले फोटो गेले होते. जिथून ते मी पुसले होते तिथे ते असण्याची शक्यता होती. नवी डिस्क चांगली म्हणून आत घातली, आणि या एका कामाला ती वाईट ठरली असती. दोन्ही सल्ले ऐकले होते आणि त्यांतला कोणता बरोबर होता हे आता विचारण्यात अर्थ नव्हता. मी मेकॅनिकना विचारलं, "मग ती जुनी डिस्क काढा ना."

त्यांनी खण उघडला, डबी हातात घेतली आणि थांबले.

"अरे यार," ते म्हणाले. "मी हिच्यावर लोकांच्या मशिनींचा माल टाकला ना. टाकला, काढला, पुन्हा टाकला."

"म्हंजे नांगरलं तुमी," मुलगी म्हणाली.

"थोडं नांगरलं, बेटा. पूर्ण नाही. इन्शाल्ला काही धुरे-बांध राहिले असतील."

पुसलेलं परत काढणारा एक प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. डिस्क मोठी होती, काम दिवसभर चालणार होतं. मुलीची ढाणकीची बस होती. ती जाताना मेकॅनिकना म्हणाली, "चाचा, सिनेमे नका भरू आता त्याच्यात." मेहुणा बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसने आली. प्रोग्रॅमने फोटो काढले होते, पण त्यांची नावं गेली होती. नावांच्या जागी नुसते आकडे होते, आणि क्रमही उरला नव्हता. खरेदी केंद्रानंतर शाळेचं स्नेहसंमेलन, मग पुन्हा रांग, मग पाण्याचा टँकर, मग दोन हंगाम आधीची रांग. कोणता फोटो कोणत्या वर्षाचा, हे मला माझ्याच फोटोंत पटकन ओळखता येईना. वरचा भाग ठीक आणि खालचा करडा, असेही बरेच होते. नवा माल जिथे बसला तिथून फोटो तुटला होता.

मुलगी स्टुलावर बसून बाणाचं बटण दाबत होती. मेकॅनिक शेजारच्या टेबलावर दुसऱ्याची मशीन उघडून बसले होते आणि मधूनच मान लांब करून पाहत होते.

"हे आमचे मास्तर. इथं किती बारीक होते!"

"हा कोन, पोतं घेऊन नाचून राह्यला?"

"तो हमाल आहे. वजन बरोबर भरलं म्हणून नाचला होता," मी म्हणालो.

"पेपरात नाई आलता हा."

"नाही आला."

ती पुढे गेली. 'राहिलेले'मधले आणि छापलेले फोटो आता सरमिसळ झाले होते. डोक्याला हात लावलेले होते. त्यांच्या आधी आणि नंतर तंबाखू मळणारे, एकमेकांच्या टोप्या ओढणारे, गाडीखाली पत्ते खेळणारे होते. ही सगळी माणसं एकाच रांगेतली होती. बातमीत मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं. तरी हे फोटो आधी पाहिलेल्या माणसाला बातमी वाचून काय वाटलं असतं, हे मला ठरवता आलं नाही.

दुपारचा चहा आला तेव्हा तिचं बोट थांबलं.

टेम्पो, ढीग, त्यावर तिचे वडील. चेहरा पूर्ण होता, खांदे होते, उंच धरलेलं डब्याचं झाकण होतं. छातीच्या खाली सरळ रेघ आणि रेघेखाली सपाट करडा रंग. कापूस नव्हता, टेम्पो नव्हता, पाय नव्हते.

"अर्धा तर आला!" मेकॅनिक म्हणाले. "वरचा आला, ते पाहा. खालचा आला असता तर काय केलं असतं?"

मुलगी पडद्याजवळ वाकली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "दात पाहा. हा अर्धा दात टेम्पोचं हँडल लागून तुटलता. आधारमंदी तोंड बंद हाये, तर दिसतच नाई." ती हसली, आणि मग ओढणीने डोळे पुसले.

फोटो घेऊन आम्ही फोटो स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने एकदा पाहिलं आणि त्याला काही अडचण वाटली नाही. "खाली कोट-टाय लावून देतो. मागं निळा पडदा. आपन सगळ्यायले तसंच देतो."

त्याच्या भिंतीवर गावातली गेलेली माणसं ओळीने टांगलेली होती. सगळ्यांना एकच कोट होता.

"बाबानं जल्मात कोट नाई घातला," मुलगी म्हणाली. "खाली कापूस लावा. कापसावर बसलता तो."

"कापूस कुठून आणू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्तमानपत्राचा साधा नियम आहे की फोटोत काही जोडायचं नाही आणि काढायचं नाही. मी तो तिला सांगितला.

"काका, हा कुठी पेपरात छापाचा हाये?" ती म्हणाली. "तुमी तर आधीबी नाई छापला."

मी पेनड्राइव्ह पुढे केला. त्यात जुन्या डिस्कवरून निघालेले बाकीचे फोटो होते. त्याच दिवसाचे जे सापडले ते सगळेच खालून तुटलेले होते. मग दुसऱ्या वर्षाचा, दुसऱ्या केंद्रावरचा, कुणा दुसऱ्याच्या गाडीतला कापूस निवडावा लागणार होता. स्टुडिओवाल्याने एक पांढराशुभ्र ढीग काढला. "हा झकास हाये."

"हा नको. त्या साली असा कापूस कुठं होता? तो पिवळट घ्या. डागवाला."

"ताई, लग्नाचा फोटू हाये, डाग कायले?"

"डागवालाच घ्या."

त्याने डागवाला घेतला. जोड कुठे आहे ते मला दिसत होतं, कारण मला ते माहीत होतं. इतरांना दिसेल की नाही, हे मी सांगू शकलो नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी तांड्यावर गेलो. फोटोचं जाड कागदातलं पाकीट मेहुण्याने स्वतः मोटारसायकलवर आणलं. फ्रेमही त्यानेच करून घेतली होती. मांडवात खुर्ची मांडलेली होती, तिच्यावर दुमडलेली सतरंजी. फ्रेम ठेवली तेव्हा मुलीच्या याडीने, म्हणजे आईने, जवळ येऊन काच पदराने पुसली आणि बराच वेळ पाहत राहिली. "हसूनच राह्यला," ती म्हणाली, आणि बायकांकडे वळून हळदीची वाटी मागितली.

तेवढ्यात मुलीच्या वडिलांबरोबर टेम्पोवर जाणारे एक म्हातारे पुढे आले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून फोटो पाहिला आणि मी पेपरवाला म्हणून मला विचारलं, "हा कोन्त्या सालचा हो, भाऊ?"

मुलगी पाटावर बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला चेहऱ्याचं साल माहीत होतं आणि कापसाचंही माहीत होतं. मी चेहऱ्याचं सांगितलं.

म्हाताऱ्यांनी पुन्हा वाकून फोटोच्या खालच्या भागाकडे पाहिलं. "हाव," ते म्हणाले. "बरोबर हाये. त्याच साली असा पिवळा निंगालता. ही आमचीच गाडी. मीच भरलती."

 आईने वाटीत बोटं बुडवली, हळद आधी काचेवर, गालाच्या जागी लावली, आणि मग मुलीला.